चौदा बरण्या

मी रागीट आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईनं स्वतःला फार गरीब गाय करून दाखवलं. आमच्या आळीत माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. एक धाकटी जाऊ तेवढी टरकली नाही. मी बोलायला लागले की ती हातातलं काम तसंच चालू ठेवायची, आणि माझं संपलं की विचारायची, "झालं ताई? आता चहा टाकू?" अशा बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाताना किन्हवलीच्या अलीकडे आत वळलं की लागतं. भाताची शेती, बांधावर तूर, माळावर थोडी नाचणी. धाकटी बारावी शिकलेली. लग्नानंतर ती मुरबाड रोडवरच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. तिथल्या मॅडमच्या ओट्यावर एक काचेची बरणी असायची, तोंडाला फडकं बांधलेली. आत गार चहा आणि चहावर तरंगणारी पांढरट, गुळगुळीत, बोटभर जाड चकती. त्या चकतीनं चहा आंबतो, त्याला कोंबुचा म्हणतात, आणि मॅडम तो रोज सकाळी पेलाभर प्यायच्या. फार्महाऊस विकून त्या परदेशी गेल्या तेव्हा जाताना चकतीचा एक तुकडा धाकटीला देऊन गेल्या. तिनं तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातला आणि एसटीत डबा मांडीवर धरून घरी आणला.

मी झाकण काढून बघितलं. "हे काय गो? घावन नासलंय?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या चकतीचं नाव घावनच पडलं. पुढे लेबल छापायची वेळ आली तेव्हा तिनं इंटरनेटवरून खरं नाव शोधून काढलं, पण बोलताना कोणी ते वापरलं नाही.

काम तसं अवघड नव्हतं, पण नखरे फार. चहा उकळायचा, साखर घालायची, आणि पार गार होऊ द्यायचा. मग आधीच्या खेपेचं थोडं आंबट पाणी त्यात घालायचं, वर घावन सोडायचं, बरणीच्या तोंडाला सुती फडकं लावून रबर चढवायचं. बरणी हलवायची नाही. उन्हाळ्यात आठवड्यात होतं, थंडीत बारा-पंधरा दिवस घेतं. मग गाळून बाटलीत भरायचं, त्यात करवंदाचा नाही तर जांभळाचा रस, कधी आलं आणि गवती चहा. झाकण घट्ट लावून दोन दिवस ठेवलं की उघडताना फस्स असा आवाज येतो. त्या आवाजासाठी शहरातली माणसं एवढ्या लांबून येतात हे मला बरेच दिवस खरं वाटलं नाही.

पहिल्या वर्षी गावात बोभाटा झाला की आमच्या घरात गाळतात. एका संध्याकाळी गावातले दोन नेहमीचे पिणारे ओटीवर येऊन बसले. धाकटीनं त्यांना अर्धा-अर्धा पेला दिला. एकानं घोट घेतला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, "वैनी, ही अजून कच्ची हाय. चार दिवसांनी येतो." ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मी केरसुणी घेऊन बाहेर आले तेव्हा दोघे फाटकापर्यंत पोचलेही होते.

हळूहळू जम बसला. भातसानगरच्या कॉलनीतली दोन-तीन घरं लागली. सिद्धगड चढायला येणारी पोरं उतरताना बाटल्या न्यायला लागली. मग माळशेजच्या रस्त्यावरची हॉटेलं. भावजी, म्हणजे माझे दीर आणि तिचा नवरा, पिकअप चालवायचे. शनिवारी क्रेट भरून तेच पोचवायचे. तिनं परवाना काढला, लेबलावर गावाचं नाव छापलं, आणि माझी भाताची खोली घेतली. त्या खोलीवरून मी सहा महिने भांडले. माझ्या कणग्या पडवीत गेल्या, उंदरांनी पोती कुरतडली, ते मी तिला रोज एकदा तरी ऐकवायची. "माझं भात बाहेर आनि तुझं नासकं पानी आत!" ती म्हणायची, "झालं ताई?"

मग एक दिवस मीच त्या खोलीत शिरले, कारण तिचा पसारा मला बघवेना. फडकी कुठेही, रबरं जमिनीवर, कोंबडीच्या पायात अडकलेली. मी दाराच्या मागे खिळा ठोकला आणि रबरं त्याला लावायला लागले. फडकी धुऊन, वाळवून, काठ आत घालून चौघडी करून फळीवर. बरण्या उपड्या, भिंतीला टेकून, मोठी ते लहान. हे माझं काम झालं. ती चहा बघायची, मी बाकी सगळं बघायची. गाळायला धरायला मी, बाटल्या उकळायला मी. फक्त प्यायले कधी नाही. सहा वर्षांत एक घोट नाही. आंबट वासानंच माझं डोकं उठायचं. दर खेपेला ती पहिला पेला माझ्यासमोर धरायची. "एक घोट ताई. मरशील का एका घोटानं?" मी तोंड फिरवायची. तो आमचा खेळच झाला होता म्हणा.

घावनं वाढायची, थरावर थर यायचा, मग ती एखादा थर सोडवून कोणाला तरी द्यायची. पण दिवेलागणीनंतर नाही. विरजण जसं आपण तिन्हीसांजेला देत नाही, तसं. आणि फुकट नाही. मूठभर नाचणी, दोन अंडी, काहीतरी घ्यायचीच. म्हणायची, फुकट दिलेलं जगत नाही. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची बाई आमच्याकडे भाताच्या लावणीला यायची, तिला पोटाचा त्रास होता. तिला एक घावन दिलं होतं. बाकी दिलेली कुठे जगली, कुठे मेली, कोणी हिशेब ठेवला नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती खोलीत बसून बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. मी बाहेर भांडी घासत होते. ती म्हणाली, "ताई, डोकं लय ठणकतंय गो." मी म्हणाले, "मग फोनमधे डोकं घालून बसू नको." ते माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. थोड्या वेळानं क्रेट सरकल्याचा आवाज आला. मी आत गेले तर ती क्रेटला टेकून बसलेली होती, मान एका बाजूला, आणि बोटाला एक लेबल चिकटलेलं. भावजींनी तिला पिकअपमधून तालुक्याला नेलं. डोक्यातली नस फुटली होती. दुपारच्या आत पिकअप परत आली. मागे, जिथे क्रेट लावायचे तिथे, ती होती.

मला काही वाटलं नाही. हे मी जसं होतं तसं लिहिते आहे. बायका गळ्यात पडून रडत होत्या, मी त्यांना पाठीवर थोपटत होते. कोणीतरी म्हणालं, "लेकरू नाय, ते एक बरं झालं." बरं झालं म्हणे! एरवी मी त्या बाईचं तोंड बंद केलं असतं. त्या दिवशी मी तिला चहा हवा का विचारलं. मग आठवलं की चूल पेटवायची नाही.

आमच्या घराला लागून काकूंचं घर. काकू म्हणजे म्हातारी विधवा बाई, कोणाची नात्यातली काकू नाही, सगळ्या आळीची काकू. बाळंतपण असो की मयत, काय करायचं आणि काय नाही ते तिलाच विचारतात. तिनंच त्या दिवशी घर हातात घेतलं. आमच्यात मयताच्या घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत. हंडे, कळश्या, माठ, जे काही भरलेलं असेल ते ओतून द्यायचं, शिजलेलं अन्न टाकायचं, मग घर सारवायचं. काकू दारात उभी राहून म्हणाली, "घरातलं सगळं पानी वता गो." आणि पदर खोचून स्वतः पुढच्या दारचे हंडे ओतायला लागली.

मी मागच्या बाजूला गेले. मोरीतली बादली ओतली. माठ ओतला, मग तो फोडला. पिंपातलं पाणी तांब्यानं काढून काढून ओतलं. हात चालले होते. मग मी भाताच्या खोलीत गेले. चौदा बरण्या होत्या. पहिलीचं रबर काढलं, फडकं काढलं, बरणी परसात नेली आणि केळीच्या बुंध्याशी उपडी केली. आंबट चहा गेला आणि मागून घावन थप्पकन पडलं. मग दुसरी. मग तिसरी. मी काय करते आहे हे मला कळत होतं. कोणी मला विचारू नये की भ्रम झाला होता का. नव्हता झाला. हे पाणी नाही हेही मला माहीत होतं. चौदाच्या चौदा बरण्या मी ओतल्या, विसळल्या आणि भिंतीला टेकून उपड्या ठेवल्या.

घावनं केळीखाली पडली होती. काकूच्या कोंबड्या येऊन टोचायला लागल्या. तेव्हाही एखादं उचलून धुतलं असतं, तर जगलं असतं. ती सांगायची, चिवट असतं ते, सहजासहजी मरत नाही. मी चुलीतली राख सुपात भरून आणली आणि वर टाकली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिचा राग आला होता एवढं आठवतं. असं मधेच सगळं माझ्या अंगावर टाकून जायचं? लेबलं अर्धी लावून?

तिला पोचवून पुरुष परत आले, तेव्हा ऊन अजून होतं. भावजी अंघोळ करून तसेच ओल्या अंगानं त्या खोलीत गेले. मग दारात येऊन त्यांनी विचारलं, "बरन्या कोनी रिकाम्या केल्या?"

ओटीवर सात-आठ बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "पानी वतायचं काकूच बघत होती." झालं. सगळ्यांनी काकूकडे बघितलं. काकू म्हणाली, "मी? मी कदी?" आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी दारातल्या रांगोळीच्या जुन्या डागाकडे बघत होते. मी खोटं बोलले नाही. नुसती गप्प बसले. त्यात फरक आहे असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले.

माझे यजमान तसे मवाळ, पण भावाकडे बघून त्यांचा तोल गेला. त्यांनी काकूला सगळ्यांसमोर सुनावलं. "पोरीची सहा वर्सं तू मोरीत वतलीस. कळत नाय तर दुसऱ्याच्या घरात हात कशाला घालतेस?" काकू ओटीवरून उतरली आणि आपल्या घरात गेली. सुतकाचे सगळे दिवस शेजारच्यांनी आमच्याकडे पिठलं-भात आणला. काकूच्या घरून नाही आला. कसा येणार?

दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती तिची, सुखानं गेली. मला हे पटलं नाही. पण मी बोलले नाही. गप्प बसायची मला सवयच लागली होती. माझ्यासारख्या बाईला!

घर सुनं म्हणतात तसं नव्हतं. घर नेहमीसारखंच होतं. मी उठायची, भात शिजवायची, गुरांचं करायची, झोपायची. जेवताना चव लागायची नाही, पण जेवण जायचं. भावजींनी पिकअप दुसऱ्यांच्या भाड्याला लावली. हॉटेलांचे फोन यायचे, ते कट करायचे. एकदा मीच म्हणाले, "भावजी, फोनवरून मागवता येतं म्हनतात. नवीन घावन." त्यांनी फोन उघडला, बघितलं आणि खिशात ठेवला. "ते तिचं नसंल वैनी," म्हणाले आणि गाडी पुसायला गेले. त्या खोलीत मी माझं भात परत नेऊन ठेवलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. नाही नेलं. सहा महिने जिच्यासाठी भांडले ती खोली रिकामी होती आणि मला ती नको होती.

इकडे काकूची गोष्ट गावभर झाली. बायका तोंड दाबून हसायच्या. कोणाच्या घरी हळद असली की म्हणायच्या, "काकूला लांब ठेवा गो, लोनच्याची बरनी वतंल." सुरुवातीला काकू भांडली. विहिरीवर मोठ्यानं सांगायची, मी केलं नाय, मी फक्त हंडे वतले. मग सांगायचं कमी झालं. मग ती विहिरीवर उशिरा यायला लागली, सगळ्या गेल्यावर. तिच्या दाराची कडी वाजली की मी आत जायची. शिमगा गेला, पाडवा गेला. आमच्या दोन घरांत एक कुडाची भिंत, पण मी तिच्यासमोर उभी राहिले नाही.

करवंदं पिकली तेव्हा तीच आली. पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन मागच्या दाराशी उभी. "घे. ती दरसाल घ्यायची ना माझ्याकडून." मी द्रोण घेतला. ती गेली नाही. दाराची चौकट धरून म्हणाली, "माझ्याच हातानं झालं असंल गो. आता मला आठवत नाय. त्या दिवशी काय काय वतलं, कुठं कुठं गेले. पन सगळी सांगतात म्हंजे झालंच असंल. मला सपनात बी दिसतं, मी बरनी वततेय, आनि ती मागं हुबी हाय. काय बोलत नाय."

मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "ऊन लागंल काकू, घरी जा." आणि करवंदं ताटलीत ओतून द्रोण तिच्या हातात दिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी भीती वाटली. राग नाही, भीती. मी अजून किती गप्प बसू शकते, याची.

वैशाख संपत आला तेव्हा डोळखांबकडची ती बाई आली. दिवाळीनंतर पाड्यावरची सगळी माणसं वीटभट्टीवर जातात तशी तीही घरादारासकट भिवंडीकडे गेली होती. परत आल्यावर तिला कळलं. दारात बसून तिनं आधी रडून घेतलं. मग पिशवीतून प्लास्टिकची एक मोठी बरणी काढली, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं. म्हणाली, "सा महिने घर बंद व्हतं. हे कोपऱ्यात तसंच राह्यलं. बाईनं सांगितलेलं, आंबट पानी कदी सगळं संपवू नको, ते असलं की हे मरत नाय. बघा, मरलंय का जगलंय."

मी फडकं काढलं. वासानं डोळ्यांत पाणी आलं, इतकं आंबट. वर घावन होतं, चार बोटं जाड, तपकिरी, खालून सुरकुतलेलं. बाजूनं बोटानं उचललं तर खाली नवा पांढरा थर होता. घरात कोणी नव्हतं म्हणून जगलं. घरात माझ्यासारखं कोणी असतं तर त्याचं काय झालं असतं, तेही मला कळलं.

"जगलंय," मी म्हणाले. तिला मी पायलीभर तांदूळ दिले. ती नको म्हणत होती. मी म्हणाले, "घे. फुकटचं जगत नाय."

पहिली खेप फार आंबट झाली, दुसरी पचपचीत. मी कधी चव घेतली नव्हती, म्हणून भावजी चाखायचे आणि मान हलवायचे. मला वाटायचं, चाखून ते उठून जातील. पण ते बसायचे. पुन्हा चहा उकळायचा, पुन्हा वाट बघायची. माझं हे एवढं एकच चाललं होतं, हे तिचं परत तिच्यासारखं व्हावं. तिसऱ्या खेपेला काकूच्या करवंदांचा रस घातला. ती करवंदं मी साखरेत घालून ठेवली होती, खाल्ली नव्हती. दोन दिवसांनी भावजींनी बाटली उघडली. फस्स. त्यांनी एक घोट घेतला आणि बाटली खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की झालं.

मी फडकी आवरत होते. काठ आत, चौघडी, फळीवर. रबरं खिळ्याला. भावजी दारात उभे राहून बघत होते.

"वैनी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी आत आलो तवा पन रबरं खिळ्यालाच व्हती. चौदाच्या चौदा. फडक्यांची चौघडी. बरन्या मोठी ते लहान."

माझा हात खिळ्यावरच राहिला.

"काकूला तो खिळा ठावं पन नाय," ते म्हणाले.

"मग इतके दिवस बोलला का नाय?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मला रागाशी कसं वागायचं ते येतं. "मला काय सांगू नका. मला काय विचारायचं नाय. पन काकूला सांगा. म्हातारी झिजली पार."

मी तशीच उठले. एक बाटली घेतली, एक पेला घेतला. दुपारची वेळ, काकू ओटीवर डाळ निवडत बसली होती. डोळ्यांना नीट दिसत नाही तरी निवडते. मला बघून तिनं सूप बाजूला केलं आणि उठायला लागली, पाहुणी आल्यासारखी.

"बस काकू," मी म्हणाले. आणि पुढे सरळ सांगितलं. सजवून नाही, रडून नाही. "बरन्या तू वतल्या नायस. मी वतल्या. एकेक करून मीच वतल्या. वर राख पन मीच टाकली. तुझ्यावर आलं तवा मी गप्प बसले."

काकूनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं माझा हात धरला, आपल्या दोन्ही हातांत.

"असं नको गो बोलू," ती म्हणाली. "माझं पाप तू कशाला अंगावर घेतेस?"

"तुझं नाय काकू, माझं हाय. खरंच सांगतेय."

"मला ठावं हाय मी काय केलं ते. डोळ्यांसमोर दिसतं मला. केळीच्या बुडाशी वतलं. माझ्याच कोंबड्या आल्या टोचायला." तिनं मान हलवली. "तू मनानं लय चांगली हायस. ती बोलायची मला, ताईचं तोंड तेवढं वाईट, मन वाईट नाय. आज बघितलं."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. शपथ घेतली, खिळ्याचं सांगितलं, भावजींना विचार म्हणाले. जेवढं सांगितलं तेवढी ती माझ्या हातावर थोपटत राहिली, लहान पोराला समजवावं तशी. गावानं सहा महिने तिला जे सांगितलं, ते तिच्यात पार मुरलं होतं. आता ते माझ्याच्यानं निघत नव्हतं.

शेवटी मी बाटली उघडली, कारण दुसरं काही सुचेना. पेल्यात ओतलं. करवंदाचा लालसर रंग, वर बारीक फेस. काकूनं घोट घेतला, ओठ मिटले आणि म्हणाली, "तिच्याच हातचं लागतंय गो." मग पेला माझ्यासमोर धरला. "तू घे. ती किती मागं लागायची तुझ्या. मरशील का एका घोटानं?"

मी घोट घेतला. आंबट होतं, मागून गोड, आणि जिभेवर चुरचुरलं. सहा वर्षं ती पेला माझ्यापुढे धरत होती आणि मी तोंड फिरवत होते, ते हे होतं. चांगलं होतं. इतकं चांगलं होतं. ती गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न आलेली मी काकूच्या ओटीवर ओरडून रडले, पेला हातात तसाच, डाळीचं सूप पायानं उलटलं तरी.

काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तीही रडत होती, पण हलक्या मनानं रडतात तसं. "झालं गो बाय, झालं," म्हणत होती. तिला वाटलं, मी तिला माफ केलं.